पौंडातली चकली

परदेशात मराठी माणसाला अर्धा किलो चकली विकायची, तर चकलीचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. आधी गाव सांगावं लागतं. पुणे म्हटलं की "पुण्यात कुठे?" सदाशिव पेठ म्हटलं की "पेठेत कुठे?" मग वाडा, मग शाळा, मग शाळेतले गणिताचे मास्तर आणि शेवटी आडनाव, म्हणजे त्या आडनावाचे वाईकडचे की रत्नागिरीकडचे, हे. माझं लग्न ठरलं तेव्हाही एवढी चौकशी झाली नव्हती. हे सगळं फोनवर, मी स्लाउमध्ये आणि पलीकडचे गृहस्थ हाऊन्स्लोमध्ये बसून, मध्ये हीथ्रोचा अख्खा विमानतळ ठेवून चाललेलं असतं. पाऊण तासाने शोध लागतो की माझ्या मावससासूबाईंच्या बिऱ्हाडाशेजारीच यांची आत्या राहत असे. दोघांनाही हायसं वाटतं. आता आपण घरचेच झालो.

"मग आपल्याला कितीला पडेल?"

"अर्ध्या किलोचे नऊ पौंड."

पलीकडे शांतता. मग मोबाईलवर बोटं चालल्याचा आवाज.

"अहो, म्हणजे हजार रुपये झाले!"

हा गुणाकार फक्त आमच्याच वाट्याला येतो. हाच माणूस सकाळी स्टेशनवर चार पौंडांची कॉफी घेतो तेव्हा त्याला रुपया आठवत नाही. केस कापायला वीस पौंड देतो, आणि त्याच्या डोक्याची परिस्थिती पाहता तो दर केसागणिक आमच्या चकलीपेक्षा महाग पडतो; तरी तिथे तो तक्रार करत नाही, उलट वर दोन पौंड बक्षिशी ठेवतो. पगार पौंडात, घराचा हप्ता पौंडात, पार्किंगचा दंडसुद्धा पौंडात. विकणारा मराठी निघाला की मात्र त्याच्या डोक्यात रिझर्व्ह बँक उघडते. एका काकांनी तर मला १९९८ चा भाव सांगितला. ते त्या साली इकडे आले आणि त्यांच्या हिशेबाने त्यानंतर महाराष्ट्रात डाळ-तांदूळ महागलेच नाहीत.

"काका, मग तुम्ही पुण्याहूनच मागवा ना," मी म्हटलं.

"मागवलं असतं रे. पण पार्सलला केवढे घेतात! लूट आहे नुसती."

मी या धंद्यात हौसेने उतरलो नाही. एका बऱ्यापैकी कंपनीत संगणकापुढे बसून एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं आणि झालं का म्हणून तिसऱ्याला विचारायचं, असा माझा हुद्दा होता. कंपनीने खर्चकपात केली आणि कपातीत मी सापडलो. इथे कायमचं राहायचा परवाना होता, घराचा हप्ता होता आणि बायकोच्या हाताला चव होती. ही चव वर्षानुवर्षं फुकट चाखलेले सगळे मित्र एकमुखाने म्हणाले, "वहिनी, डबे सुरू करा. उड्या पडतील लोकांच्या." डबे सुरू केले. दरपत्रक पाठवलं. त्या दिवसापासून मित्रांना पथ्यं लागली. एकाने साखर सोडली, एकाने गहू सोडला आणि जो आमच्याकडे सात-सात पुरणपोळ्या खायचा त्याने संध्याकाळचं जेवणच सोडलं.

परदेशात खाण्याचा धंदा काढणाऱ्या मराठी माणसाला हाऊन्स्लोच्या वडापावची गोष्ट ऐकावीच लागते. मंदीत नोकरी गेलेल्या मुंबईच्या दोन कॉलेजमित्रांनी २०१० साली तिथे एका आइस्क्रीमवाल्याच्या दुकानातला कोपरा भाड्याने घेतला आणि एक पौंडाला वडापाव विकायला सुरुवात केली. आज 'श्रीकृष्ण वडापाव'ची बरीच दुकानं आहेत. गोष्ट खरी आहे, उमेद वाढवणारीही आहे. पण ती मला सांगणारा प्रत्येक जण पुढे असं म्हणतो, "बघ, आणि एक पौंडाला देत होते हं!"

मी त्यावर त्यांना दुसरी गोष्ट सांगतो. पाटण्याच्या शेख दीन महंमद नावाच्या गृहस्थाने १८१० साली लंडनमध्ये पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्थानी कॉफी हाउस' काढलं. गिऱ्हाईक कोण, तर कंपनी सरकारची नोकरी करून परतलेले साहेब. जन्माने इंग्रज पण जिभेने आपल्याकडचे होऊन बसलेले. त्यांच्यासाठी हिंदुस्थानी पद्धतीची कढी-कालवणं, बसायला वेताच्या खुर्च्या, ओढायला हुक्का, भिंतीवर तिकडची चित्रं, सगळी तजवीज होती. दोन वर्षांत, १८१२ साली, त्याचं दिवाळं निघालं. मग तो ब्रायटनला गेला, तिथे वाफेच्या स्नानाचं आणि अंग रगडण्याचं दुकान काढलं आणि इतका नावाजला की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा अंगमर्दक म्हणून त्याची नेमणूक झाली. जिथे हॉटेल बुडालं तिथे २००५ साली पाटी लागली आहे.

ही गोष्ट ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे दोन वर्षांनी तुम्ही ब्रायटनला जाणार. आत्तापासून माझे पाय चेपा, सराव होईल."

घरातून अन्न विकायचं तर इथे नगरपालिकेत नोंदणी करावी लागते. धंदा सुरू करण्याच्या २८ दिवस आधी अर्ज टाकायचा, फी काही नाही आणि अर्ज नाकारता येत नाही. हे वाचून मी रात्रभर तळमळलो. सरकारी काम, फुकट, वर नकाराची सोयच नाही, म्हणजे यात नक्की काय आहे? जे होतं ते काही आठवड्यांनी हातात थर्मामीटर घेऊन दारात उभं राहिलं. अधिकारी बाई अतिशय गोड बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फ्रिज पाहिला, ओटा पाहिला, ओट्याखालचं तेलाचं फडकं पाहिलं (ते बायकोने 'तिथे कसं आलं कोण जाणे' अशा नजरेने पाहिलं) आणि मग चौदा पदार्थांची यादी काढली. ज्यांची काही लोकांना ॲलर्जी असते असे चौदा पदार्थ इथल्या कायद्याने ठरवून दिले आहेत. त्यातलं काय कशात आहे ते गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं.

"मोहरी?" बाईंनी विचारलं.

"फोडणीत."

"आणि फोडणी कशात?"

"सगळ्यात."

"शेंगदाणे?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दाण्याचं कूट कशात असतं ते सांगण्यापेक्षा कशात नसतं ते सांगणं सोपं होतं. "चहात नसतं," मी म्हटलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

तीळ चकलीत, चटणीत आणि संक्रांतीला तर दुसरं काही नसतंच. काजू-बदाम लाडवात. बेदाणे शिऱ्यात, त्यांना पिवळे ठेवायला वापरतात तो गंधक वायूही यादीत आहे. दुधाचं विचारल्यावर बायको म्हणाली, "तूप धरायचं का?" धरायचं म्हटल्यावर तो रकानाही 'सगळ्यात' असा भरला गेला. पोळ्यांमुळे गहू आलाच होता. निदान वरणभात तरी गव्हापासून अलिप्त राहील अशी आमची समजूत होती. बाईंनी फळीवरची हिंगाची डबी उलटी केली, चष्मा लावला आणि बारीक अक्षरं वाचली. डबीत गव्हाचं पीठ होतं. बाजारी हिंगात खरा हिंग थोडा आणि पीठच जास्त असतं, हे सत्य आमच्या घराण्याला सदाशिव पेठेत कळलं नाही, ते स्लाउच्या नगरपालिकेने सांगितलं.

आम्ही मांस-मासे करत नाही, तेव्हा अंडी, मासे, कोळंबी-खेकडे आणि शिंपले ही चार नावं सुटली. सोयाबीनही सुटलं. शेवटी राहिली सेलरी आणि ल्युपिन. ल्युपिन ही एका शेंगेची बी असते. "ती आमच्याकडे मुळीच वापरत नाहीत," हे वाक्य बायकोने इतक्या अभिमानाने उच्चारलं, की बाईंनी पुन्हा एकदा फळीवर नजर टाकली.

मग भाजणीचा डबा निघाला. ही किती दिवस टिकते, असा प्रश्न आला.

"आमच्याकडे कधी टिकलीच नाही," बायको म्हणाली.

एवढं होऊन बाईंनी आम्हाला पाचपैकी पाच गुण दिले. शालान्त परीक्षेनंतर पैकीच्या पैकी मिळण्याचा आमच्या घरातला हा पहिलाच प्रसंग. तो हिरवा स्टिकर मी दाराच्या काचेवर लावला. पहिल्याच आठवड्यात डबा न्यायला आलेल्या एका वहिनींनी त्याकडे पाहून नाक मुरडलं. "हे हॉटेलात लावतात ते ना? मला वाटलं, तुमचं घरगुती आहे."

घरगुती म्हणजे काय, यावर गिऱ्हाइकांचं एकमत नाही. त्यांचं कशावरच एकमत नाही. एका मंगळवारी आम्ही आमटी पाठवली. कोथरूडच्या घरातून निरोप आला, 'गूळ विसरलात का?' कोल्हापूरच्या दादांनी विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?" नागपूरच्या वहिनींना वर तर्री दिसली नाही म्हणून त्यांनी फोटो काढून पाठवला, पुरावा म्हणून. मालवणकडच्या एकांनी नुसतंच लिहिलं, 'नारळ महागला वाटतं.' आमटी एकाच पातेल्यातली होती. त्यावर उपाय म्हणून आम्ही मधली आमटी करून गुळाचा खडा, ठेचा, लाल तेल आणि ओलं खोबरं अशा चार पुड्या वेगळ्या द्यायला लागलो. पहिल्याच दिवशी पुड्यांची अदलाबदल झाली. कोल्हापूरच्या दादांना गुळाचा खडा गेला. त्यांनी तो परत आणून दिला. हातात ठेवला, काही बोलले नाहीत, निघून गेले. कोथरूडला ठेचा गेला होता. तिकडून दोन दिवस फोनच आला नाही.

विद्यार्थ्यांचं बरं असतं. ते चवीबद्दल बोलत नाहीत. तिघं मिळून एक डबा घेतात आणि "काकू, पोळ्या जरा जास्त द्याल का? मला भूक फार लागते," असा आवाज काढतात की बायको आठ पोळ्या घालते. याच हिशेबाने मी चाललो असतो तर ब्रायटन आधीच गाठलं असतं.

गरम अन्न गरमच द्यायचं असेल तर ते ६३ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, असा इथला नियम आहे. मी निघताना थर्मामीटर खुपसून पाहतो, जाड पिशव्यांत डबे कोंबतो आणि सुटतो. संध्याकाळी सहाला दारात दिलेला डबा माणूस रात्री अकराला उघडतो आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी मला कळवतो, 'आज डबा गार होता.'

सुटतो म्हटलं खरं, पण त्यातही मेख आहे. माझी गाडी जुनी, डिझेलची. लंडनमध्ये जुन्या धुरकट गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड शुल्क बसतं आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून ते शहराच्या कानाकोपऱ्यात लागू झालं. स्लाउ हे लंडनच्या हद्दीबाहेर. माझे बरेचसे भुकेलेले लोक हद्दीच्या आत. म्हणजे एक डबा घेऊन मी हद्द ओलांडली की तो डबा देऊन वर मीच पाच-सहा पौंडांना पडतो. मी गिऱ्हाइकांना सुचवलं की हद्दीच्या अलीकडे एक बरं वाहनतळ आहे, तिथे येऊन डबे न्यावेत. दोघं-तिघं आलेही. संध्याकाळच्या अंधारात वाहनतळावर दोन गाड्या एकमेकींना पाठ लावून उभ्या, इकडच्या डिकीतून तिकडच्या डिकीत पिशव्या चालल्या आहेत, नोटा मोजल्या जात आहेत, हे पाहून एक पोलीस हळूच जवळ आला. त्याने पिशवी उघडायला लावली. आत मटकीची उसळ होती. त्याने वास घेतला, झाकण लावलं आणि मला विचारलं, "तुम्ही रोजच्या रोज देता का?" तो हद्दीच्या अलीकडे राहणारा निघाला. सध्या माझं सर्वांत सरळ गिऱ्हाईक तोच. भाव विचारत नाही, गूळ मागत नाही, आणि डबे धुऊन परत देतो.

वासावरून आठवलं. इथली घरं फोडणीसाठी बांधलेली नाहीत. छताला धुराचा भोंगा असतो आणि त्याला मिरची-लसणाची फोडणी आणि आग यांतला फरक कळत नाही. आमच्या घरी वरण व्हायच्या वेळेला मुलगा टॉवेल घेऊन भोंग्याखाली उभा राहतो आणि वारा घालतो; त्याच्या शाळेत छंद विचारले तेव्हा त्याने हाच लिहिला. भोंगा तर यंत्र आहे, त्याला काय बोलणार? २००७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या सोहो भागात तिखट झोंबरा धूर पसरला म्हणून लोकांना तिथून हलवण्यात आलं, रस्ते बंद केले, तोंडाला उपकरणं लावलेले बंबवाले धावले आणि दार फोडून आत शिरले. आत एका थाई हॉटेलात मिरच्या भाजत ठेवल्या होत्या. ही बातमी कापून मी ओट्यावर चिकटवली आहे. बायकोला ठेचा करताना तेवढाच धीर येतो.

डब्यांवर घर चालतं, पण पैसे खऱ्या अर्थाने सणाला मिळतात. आणि परदेशातले आपले सण ही एक स्वतंत्र कालगणना आहे. तिचा पंचांगाशी संबंध शनिवारपुरता. संकष्टी शनिवारी, कोजागरी शनिवारी, हळदीकुंकू तर इतके शनिवार चालतं की संक्रांत आणि होळी यांच्यात श्वास घ्यायला जागा राहत नाही. इथल्या सरकारने मात्र दिवाळी अगदी तिथीनुसार धरली आहे. एरवी रात्री अकरानंतर फटाके उडवायला बंदी असते. दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत मुभा आहे. त्या मुभेचा आमच्या लोकांना काडीइतका उपयोग नाही, कारण हॉल मिळतो तो दिवाळीनंतरच्या तिसऱ्या शनिवारी आणि तोही दहाला बंद होतो.

गणपतीचं खातं माझ्याकडे असतं. मूर्ती पेणहून बोटीने येतात, म्हणून ऑर्डर होळीच्या सुमाराला घ्यावी लागते, म्हणजे लोकांना गणपती सोडून बाकी सगळं सुचत असतं तेव्हा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून यायला लागल्या. विघ्नहर्ताच केप ऑफ गुड होपवरून येतो आहे म्हटल्यावर मी गिऱ्हाइकांना काय तोंड देणार? रोज फोन. "आमचा बाप्पा कुठवर आला?" मी नकाशा उघडून सांगायचो, "सेनेगल." एक काकू म्हणाल्या, "तिकडे ऊन फार असेल ना? रंग उडायचा." बाप्पा वेळेवर आले, रंगही शाबूत होता. त्याच काकूंनी मूर्ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "फोटोत जरा गोरा वाटला होता."

सत्यनारायणाला मी पूजेचं साहित्य पुरवतो आणि गुरुजीही. गुरुजी सोमवार ते शुक्रवार संगणकाचे. शनिवारी सोवळ्यावर ओव्हरकोट घालून येतात. मंत्र शुद्ध, आवाज खणखणीत, अडचण एकच. त्यांची गाडी दोन तासांच्या पार्किंगमध्ये असते. गणपतीपूजन ते शांतपणे, अर्थ सांगत करतात. तिसऱ्या अध्यायाला घड्याळ पाहतात. चौथ्या अध्यायात साधुवाण्याची नाव बुडते, कलावती रडते, प्रसाद खाऊन येते आणि नाव वर येते, हे सगळं एका दमात. पाचवा अध्याय जिन्यात होतो. यजमानांची तक्रार नसते. हॉलचं भाडंही तासावर असतं.

मंडळाचं म्हणाल तर लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, न. चिं. केळकरांनी स्थापन केलेलं. केळकरांनी विनोदावर ग्रंथ लिहिले होते, तेव्हा त्यांना पुढचं सगळं दिसत असणार. आमच्या भागातलं मंडळ ते नव्हे. ते बरंच धाकटं आहे आणि त्याची दोन झालेली आहेत. दोन्ही मंडळांचे अध्यक्ष मला वेगवेगळे भेटतात आणि एकच बोलतात. "आपल्या माणसाला पुढे आणायचं आहे आम्हाला. कार्यक्रमाला दोनशे पानं होतील. तुमचं नाव बॅनरवर मोठ्ठं टाकू." म्हणजे जेवण माझ्याकडून. एका साली मी धीर करून म्हटलं, "नाव छोटं टाका, पण पैसे द्या." त्यांनी ते जेवण शेजारच्या पंजाब्याला दिलं, पूर्ण पैसे देऊन, आणि पनीर खाता खाता व्यासपीठावरून मराठी उद्योजकतेवर भाषण केलं.

आता दिवाळी. ऑक्टोबर लागला की आमच्या घरात बसायला जागा राहत नाही. सोफ्यावर शेव पसरलेली, पलंगावर शंकरपाळे. बायको तळते, सासूबाई व्हिडिओ कॉलवरून रंग पाहतात ("अजून थोडी, अजून थोडी, हं, जळली!") आणि मी सोऱ्या दाबतो. कंपनीत माझ्या हाताखाली अकरा माणसं होती. आता माझ्या हाताखाली पीठ आहे, आणि ते माझं अकरा माणसांपेक्षा जास्त ऐकतं असं नाही. इथल्या गारठ्यात ते चिवट होतं, मग चकली तुटते. तुटकी चकली विकता येत नाही. ती आम्ही खातो. आमचा मुलगा लहानपणी समजत असे की चकली हा सरळ पदार्थ आहे.

या धंद्यातला मंदीचा हंगाम म्हणजे उन्हाळा. सुट्ट्यांमुळे नव्हे, उन्हाळ्यात आया येतात. पाहुण्यांचा व्हिसा एका वेळी सहा महिने राहू देतो, आणि मे महिना उजाडला की डबे पटापट बंद होतात. 'डबा नको. आई आली आहे.' यावर वाद घालता येत नाही. वर्षभर आमची आमटी, उसळ, भरली वांगी ज्या एका चवीशी ताडून पाहिली गेली, ती चवच बॅगा घेऊन हीथ्रोवर उतरलेली असते.

कोथरूडच्या घरातल्या आई एका जूनमध्ये मुलाबरोबर आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी आमच्या आमटीचा एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "बरी आहे." मुलगा बायकोला म्हणाला, "राग मानू नका वहिनी, पण आईच्या हातचं ते आईच्या हातचं."

तीन आठवड्यांनी दुपारी त्याच आईंचा फोन. आवाज दबलेला.

"अगं, तुझा तो डबा... दुपारी दीडला मिळेल का? मागच्या दाराने."

"हो, मिळेल की. काही बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरली आहे? कंटाळा आला गं. चाळीस वर्षं रांधलं. इकडे आले ती जरा बागा-बिगा बघू म्हणून, तर रोज हा विचारतो, आई आज काय? तू करून दे, मी माझ्या पातेल्यात ओतते. त्याला बोलू नकोस हो."

मी दीडला डबा घेऊन जायचो. आई मागच्या दाराशी पातेलं घेऊन उभ्या असायच्या. मग त्या बागा बघायला जायच्या. विंडसरचा राजवाडा तर त्यांना तोंडपाठ झाला. ऑगस्टमध्ये मुलगा रस्त्यात भेटला. चांगला भरला होता. म्हणाला, "चार किलो वाढलं वजन. आई आहे ना! काल आमटी काय केली होती सांगू, अहाहा. वहिनींना एकदा पाठवा तिच्याकडे शिकायला."

सप्टेंबरमध्ये आई परत गेल्या. ऑक्टोबरमध्ये त्याचा डबा पुन्हा चालू झाला. पहिल्या दिवशी आमटीच होती. रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी निरोप आला, 'गूळ कमी. आईची सर नाही.' बायको त्या दिवशी इतकी हसली की भोंगा नसता वाजला तरी शेजारी आले असते.

तर, यंदाच्या फराळाची नोंदणी गणपती उठले की सुरू करतो आहोत. पैसे आगाऊ घेतो. अनारसे करत नाही, कृपया विचारू नये. गूळ, ठेचा, तेल आणि खोबरं वेगळं लागेल त्यांनी तसं लिहावं, आणि स्पष्ट अक्षरात लिहावं. पुढच्या उन्हाळ्यात ज्या आया इकडे यायच्या आहेत त्यांनी मुलांच्या फोनवरून न बोलता थेट आमच्या हिच्याशी बोलावं. दुपारी दीडची वेळ राखून ठेवली आहे, आणि नाव कुठेही लिहिलं जात नाही.